चौथा डबा

मे महिन्यातल्या एका दुपारी मी काकांच्या इंजिनातला लोहचुंबक काढला. साल १९८५, माझं वय नऊ. काका आतल्या खोलीत झोपले होते, काकू शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. काही तुटलं नाही, काही पडलं नाही, एकही स्क्रू हरवला नाही. तासाभरात सगळं होतं तसं बसवून, इंजिन पुन्हा रुळावर ठेवून मी हात धुतले. तरीही त्या तासाभरात मी ते इंजिन बिघडवलं होतं, आणि हे मला कळायला अडतीस वर्षं गेली.

काका १९६३ साली सूतगिरणीच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला लँकेशायरला गेले होते. तिथल्या दुसऱ्या नाताळात, म्हणजे १९६४ मध्ये, त्यांनी पोटाला चिमटा काढून साठवलेल्या पैशांतून ट्राय-अँग कंपनीची खेळण्यातली आगगाडी घेतली. केंट परगण्यातल्या मार्गेट गावी या गाड्या बनायच्या. इंजिन काळं, सहा चाकांचं, बुटकं. ४७६०६ हा त्याचा आकडा मला माझ्या पहिल्या फोन नंबरच्या आधीपासून पाठ आहे. खऱ्या आयुष्यात या जातीची इंजिनं यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायची. त्यांचं लाडाचं नाव ‘जिंटी’. काकांनी त्याच्यासोबत चार तांबूस डबे आणले. मिरजेला परतल्यावर ओसरीवर एक मोठा प्लायवूड टाकून त्यांनी रुळांचं लंबवर्तुळ ठोकलं, आणि दर रविवारी सकाळी चहानंतर गाडी सुटायची.

मिरजेत आगगाडीचं वेड असणं यात नवल काहीच नव्हतं. आमच्या लहानपणी मिरज जंक्शनात तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, हुबळीच्या बाजूला मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज. काका म्हणायचे, आमच्या ओसरीवर चौथं माप आहे, साडेसोळा मिलिमीटर.

त्या साडेसोळा मिलिमीटरची गोष्ट मला फार आवडते. युरोपातल्या एचओ मापाच्या गाड्या खऱ्या गाडीच्या १/८७ असतात. त्याच रुळांवर धावणाऱ्या ब्रिटिश गाड्या मात्र १/७६ च्या, म्हणजे रुळांच्या मानाने अंगाने जरा थोराड. कारण असं, की ब्रिटनमधली खरी इंजिनंच मुळात अंगाने लहान. १/८७ च्या हिशेबाने त्यांची प्रतिकृती केली तर त्या काळच्या मोटरी तिच्या पोटात मावेनात. मग रूळ तेच ठेवून वरचं शरीर वाढवलं. एका अख्ख्या देशाच्या छंदाचं माप मोटरीच्या आकाराने ठरलं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहायला मी मुलांना घेऊन जाते तेव्हा तिथल्या गाड्या बघताना हे हटकून आठवतं.

तर ती दुपार. माझ्या दोन मैत्रिणींना मला लोहचुंबक दाखवायचा होता. इंजिनाच्या आत तो आहे हे मला काकांनीच सांगितलं होतं. वरचं झाकण निघालं की मोटर उघडीच दिसते. दोन पोलादी पट्ट्या, त्यांच्या मधे करड्या रंगाचा चुंबकाचा ठोकळा, आणि पट्ट्यांची टोकं दोन्ही बाजूंनी कवेत घेतात ते तीन गुंडाळ्यांचं आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग. मी स्क्रू सैल केले, ठोकळा ओढून काढला, आणि आम्ही त्याला खिळे चिकटवले, टाचण्या चिकटवल्या, अंगणातल्या वाळूत फिरवून काळी लोखंडी मिशी उगवून घेतली. मग फडक्याने पुसून परत बसवला.

गाडी चालू केली तर इंजिन पूर्वीपेक्षा जोरात पळालं. हे मला आजही स्पष्ट आठवतं, कारण त्याने माझी भीती एकदम उतरली. नुसतं इंजिन लंबवर्तुळावर असं सुसाट गेलं की वळणावर पडतंय की काय वाटावं. मला वाटलं, मी ते सुधारलं.

रविवारी काकांनी चार डबे जोडले आणि इंजिन जागच्या जागी घरघरलं. काकांनी एक डबा काढला. मग दुसरा. दोन डब्यांनिशी गाडी निघाली, पण पाच मिनिटांत गरम वार्निशचा वास यायला लागला. काकांची एक सवय होती. दर दोन-चार फेऱ्यांनंतर गाडी थांबवून ते तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी बोटांची मागची बाजू इंजिनाच्या पाठीला लावायचे. त्या रविवारी त्यांनी बोटं लावली आणि लगेच काढली. “ब्रश झिजले वाटतं,” एवढंच म्हणाले. ब्रश म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे.

त्यानंतर गाडी दोनच डब्यांची झाली. पाच मिनिटं चालवायची, दहा मिनिटं विसावा द्यायचा. तिसरा डबा कधीमधी लागायचा. चौथा खोक्यातच राहिला.

*

मी पॉलिटेक्निकमध्ये विद्युत यंत्रं शिकवते. डीसी मोटरचं समीकरण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. मोटर फिरायला लागली की ती एकीकडे जनित्रही असते. आपल्या फिरण्याने ती उलट दिशेचा विद्युतदाब तयार करते आणि येणाऱ्या प्रवाहाला अडवते. हा उलटा दाब दोन गोष्टींवर अवलंबून असतो, चुंबकाचं बळ आणि फिरण्याचा वेग. चुंबक अशक्त झाला तर तेवढाच उलटा दाब निर्माण करायला मोटरीला जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणून भार नसताना ती सुसाट सुटते. पण ओढण्याची ताकद येते चुंबकाच्या बळातून आणि प्रवाहातून. बळ घटलं की तेवढीच ओढ द्यायला प्रवाह वाढतो, आणि वाढलेला प्रवाह तांब्याच्या तारा तापवतो. मोकळी असताना पळते, ओझं घातलं की तापते आणि बसते. ही मी दरवर्षी मुलांना सांगितलेली लक्षणं आहेत. ती माझ्या काकांच्या ओसरीवर घडताना मी नऊ वर्षांची असताना पाहिली होती, आणि वर्गात उभी राहून शिकवताना एकदाही माझ्या मनात ते इंजिन आलं नाही.

२०२३ च्या दिवाळीत मिरजेच्या घराला रंग द्यायचा निघाला आणि माळ्यावरचं खोकं खाली आलं. काका म्हणाले, “घेऊन जा पुण्याला. तुझी पोरं खेळतील.” खोक्यात इंजिनाबरोबर एक औषधाची डबी होती. तिच्यात चिमुकल्या कार्बन ब्रशांच्या सात जोड्या, काही कोऱ्या, काही अर्ध्या झिजलेल्या. काकांनी विलायतेतल्या जुन्या मित्राला पत्रं लिहून ते मागवले होते. सात वेळा. ब्रशांत कधी दोष नव्हताच.

मी इंजिनाला बारा व्होल्ट दिले आणि मधे अँपिअरमीटर लावला. नुसतं इंजिन, वेग भरपूर. मग चारही डबे जोडले. काटा जवळजवळ एक अँपिअरला जाऊन टेकला आणि चाकं जागेवर थरथरत राहिली. एवढ्याशा मोटरीला हा प्रवाह म्हणजे ताप. बोटांची मागची बाजू मी इंजिनाच्या पाठीला लावली, आणि त्या क्षणी मला ती दुपार, वाळू, ठोकळ्याला फुटलेली काळी मिशी, सगळं एकदम दिसलं.

तो करडा ठोकळा ॲल्निकोचा. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या नावांतून बनलेलं हे नाव. जपानी संशोधक तोकुशिची मिशिमा यांना १९३१ साली निकेलयुक्त पोलादात ॲल्युमिनियम मिसळल्यावर जोरकस चुंबक मिळतो हे सापडलं, त्या घराण्यातला हा मिश्रधातू. उष्णता तो सहज सोसतो. पण त्याला एक गोष्ट सोसत नाही, आणि ती म्हणजे मोकळं राहणं. मोटरीत असताना त्याच्या चुंबकीय रेषा एका टोकातून निघून पोलादी पट्टीतून, आर्मेचरमधून, दुसऱ्या पट्टीतून परत दुसऱ्या टोकात येतात. रस्ता लोखंडाचा, वाट सोपी. ठोकळा बाहेर काढला की त्याच रेषांना हवेतून वळसा घालून यावं लागतं. आखूड, जाड ठोकळ्याच्या बाबतीत तर त्याचीच दोन टोकं त्याच्या आतल्या चुंबकत्वाच्या विरुद्ध काम करतात. ॲल्निको एवढा विरोध झेलू शकत नाही, त्याचं बळ खाली घसरतं. आणि परत लोखंडात बसवल्यावर ते पूर्वीच्या जागी चढत नाही. खिळे लावले म्हणून नाही, पडला म्हणून नाही, नुसता काढला म्हणून. जुने जाणते लोक ठोकळा सरकवतानाच त्याच्या दोन टोकांवर मऊ लोखंडाचा तुकडा लावून घेतात, म्हणजे रेषांची वाट क्षणभरही तुटत नाही. मला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि काकांना तरी कुठे माहीत होतं?

*

पहिला विचार अर्थातच जुन्याच चुंबकाला जीव देण्याचा. आपल्याकडे स्कूटरच्या मॅग्नेटोचं चुंबक ‘चार्ज’ करून देणारे कारागीर असत. शोधत शोधत एकांकडे यंत्र मिळालं. त्यांनी दोन जाडजूड विद्युतचुंबकांच्या मधे माझा ठोकळा धरला, बटण दाबलं, खाडकन आवाज झाला. ठोकळा पान्याला असा चिकटला की दोन्ही हातांनी सोडवावा लागला. मी तो कागदात गुंडाळून, पर्समध्ये घालून घरी आणला, मोटरीत बसवला. अँपिअरमीटरने जेमतेम फरक दाखवला.

चूक माझी होती. कारागिराने आपलं काम चोख केलं होतं. मी मात्र १९८५ सालचीच चूक पुन्हा केली होती. चार्ज झालेला ठोकळा यंत्रातून मोकळ्या हवेत आला त्याच क्षणी बळ ओसरलं होतं. ॲल्निको चार्ज करायचा तर मोटरीत बसवलेला असतानाच करायला हवा. कारागिराला विचारलं तर ते म्हणाले, “ताई, मशीनचे जबडे एवढ्याशा मोटरीला धरणार नाहीत.” खरंच धरत नव्हते.

मग नवा चुंबक, निओडिमियमचा. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं हे मिश्रण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेने जवळपास एकाच वेळी शोधलं. मी ओसरीवर ठोकळा ओढून काढत होते तेव्हा त्याचं औषध जगात नुकतंच जन्माला आलं होतं. याला मोकळं राहण्याची भीती नाही. उष्णतेची मात्र आहे, साधा निओडिमियम ऐंशी अंशांच्या वर टिकत नाही. आणि तो ठिसूळ. दोन पातळ चकत्या हातातून सुटून एकमेकींवर आपटल्या आणि एकीचा टवका उडाला. तेव्हापासून मी उदबत्तीच्या काडीने त्या सरकवते, आणि काम झालं की मोजून कपाटात ठेवते. घरात लहान मूल असेल तर हे मोजणं फार गरजेचं आहे. पोटात असे दोन चुंबक गेले तर आतड्याला मधे पकडून भोक पाडू शकतात.

पातळ चकत्या म्हणजे जुन्या ठोकळ्याची रुंदी भरणार नाही. उरलेली जागा भरायची लोखंडाने. पितळ किंवा प्लास्टिक चालत नाही, रेषांची वाट तिथे अडते. व्हर्निअर लावून मी जुन्या ठोकळ्याची रुंदी घेतली आणि नव्या थराची रुंदी तिच्याशी जुळेपर्यंत लोखंडाची पट्टी कानशीने घासत बसले. थोडं कमी पडलं तर पट्ट्या आत झुकतात आणि आर्मेचरला घासतात. थोडं जास्त झालं तर फाकतात, फट मोठी होते आणि नव्या चुंबकाचा अर्धा फायदा त्या फटीत जातो.

दिशा होकायंत्राने पाहिली. जुन्या ठोकळ्याचं उत्तर टोक ज्या पट्टीकडे होतं तिकडेच नव्याचं आलं पाहिजे. दोन रुळांतून वीज घेणाऱ्या अशा गाड्यांत उजव्या रुळाला धन टोक मिळालं की इंजिन पुढे जातं, असा सर्वसाधारण संकेत आहे. चुंबक उलटा बसला तर बाकी सगळं ठीक असूनही इंजिन उलटं पळतं.

पहिल्यांदा मी दोन चकत्या घातल्या. बोटाने शाफ्ट फिरवला तर एका फेऱ्यात सहा ठिकाणी तो अडकून पुढे सटकत होता. आर्मेचरचे तीन ध्रुव आणि पट्ट्यांची दोन टोकं, त्यांच्या सहा भेटी. चुंबक इतका जबर की प्रत्येक भेटीला आर्मेचरला धरूनच ठेवत होता. कमी व्होल्टवर मोटर सुरूच होईना, आणि झाली की एकदम उडी. इंजिन हळू निघायला हवं. यार्डातलं इंजिन धक्का मारून निघतं का? एक चकती काढली, तिच्या जागी लोखंड घातलं. सहा अडथळे राहिले, पण आता बोटाला जेमतेम जाणवावेत इतकेच.

आता फट. आर्मेचर आणि पट्टी यांच्या मधे मी दुकानाच्या बिलाच्या पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहिली. डावीकडे सहज गेली, उजवीकडे अडली. स्क्रू किंचित सैल, पट्टीला बोटाने किंचित रेटा, पुन्हा कागद. पुन्हा सैल, पुन्हा रेटा. हे करताना मला मिरजेतली तंतुवाद्यांची घरं आठवत होती. शाळेतून येताना आम्ही तिथे दारात थांबायचो. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवायचे, केसभर पुढे, केसभर मागे, आणि तार छेडून ऐकायचे. तीच तार, तोच भोपळा, पण दोरा एका जागी आला की आवाज एकदम खुलायचा. त्या जागेला जवारी लागली म्हणायचे. दोन्ही बाजूंनी कागद सारख्याच अडखळत्या सरकपणाने जाईपर्यंत मला रात्रीचे दीड वाजले.

सगळ्यात शेवटी ब्रशांवरची स्प्रिंग. केसांच्या चापासारखी ही तार दोन्ही ब्रशांना कॉम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरबरोबर फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर, दाबते आणि तिच्या एका पायावर विद्युतरोधक नळी असते. ती नळी चुकून दुसऱ्या बाजूला गेली किंवा गळून पडली तर दोन्ही ब्रश जोडले जातात आणि सरळ शॉर्ट होतं. काकांची मूळ नळी वाळून भुगा झाली होती. वायरचं प्लास्टिक सोलून मी नवी घातली. डबीतल्या कोऱ्या ब्रशांची एक जोडी लावली. बेअरिंगच्या नमद्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

बारा व्होल्ट, चार डबे. काटा ०.३५ च्या आसपास थांबला आणि तिथेच राहिला. वेग पूर्वीपेक्षा कमी. वळणावर डबे एकामागून एक कलत गेले.

मूळ ॲल्निको मी टाकलेला नाही. दोन टोकांवर लोखंडाचा तुकडा लावून तो काकांच्या औषधाच्या डबीत, उरलेल्या ब्रशांशेजारी ठेवलाय. जुन्या वस्तूंचे संग्राहक म्हणतील मूळ भाग बदलायलाच नको होता. मला ते पटत नाही. ही गाडी काकांनी चालवायला घेतली होती.

*

जानेवारीत मी मिरजेला गेले. काका आता पंच्याऐंशीचे, ऐकायला कमी येतं, पण ओसरीवरचा प्लायवूड त्यांनी कुणाला फेकू दिलेला नाही. रूळ पुसायला आम्हाला सकाळ लागली. इंजिन ठेवलं, चारही डबे जोडले. चौथा जोडताना काका माझ्याकडे बघत होते.

गाडी सुरू करायच्या आधी मी त्यांना सगळं सांगितलं. ती दुपार, मैत्रिणी, खिळे, वाळू. चुंबक नुसता काढल्यानेच जातो हे सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे स्वयंपाकघरातून काकूही बाहेर आल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

“म्हणजे ब्रश चांगले होते,” शेवटी म्हणाले.

“हो काका.”

“सात जोड्या मागवल्या मी.” मग थोडं थांबून, “तेव्हा का नाही सांगितलंस?”

“जोरात पळत होतं ना. मला वाटलं, मी सुधारलं.”

त्यांनी मान हलवली आणि कंट्रोलरचा खटका स्वतःच्या हाताने फिरवला. जिंटी हळू निघाली, एकही झटका न देता. चार डबे तिच्यामागे ताणले गेले, एक, दोन, तीन, चार. काकांनी पाच मिनिटांनी गाडी थांबवली नाही. दहा मिनिटांनीही नाही. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. मग त्यांनी खटका शून्यावर आणला, वाकले, आणि बोटांची मागची बाजू इंजिनाच्या पाठीला लावली. तशीच ठेवली.

“गार आहे,” काकूंकडे बघून म्हणाले. आणि मला, “अगं, पाचवा डबा मिळतो का बघ कुठे.”